खुला म्हणजे खुला

गेल्या गणेशोत्सवात येलहंका न्यू टाऊनमधल्या आम्हा मराठी कुटुंबांनी मुलांसाठी बुद्धिबळाची स्पर्धा ठेवली होती. नावनोंदणीच्या टेबलावर दोन कागद होते. एकावर ‘खुला गट’, दुसऱ्यावर ‘मुलींचा गट’. माझ्याकडे दोन वर्षं शिकत असलेली एक अकरा वर्षांची मुलगी पहिल्या कागदाकडे गेली. टेबलावरच्या स्वयंसेवकाने तिला अगदी मायेने दुसऱ्या कागदापाशी आणलं. ‘‘बाळा, तुझा गट इकडे. तिकडे मुलगे खेळणार आहेत.’’ मी मध्ये पडले तेव्हा उत्तर मिळालं, ‘‘खुल्या गटात सोळाच जागा आहेत. मुलींची वेगळी सोय केली असताना एका मुलाची जागा कशाला अडवायची?’’

संध्याकाळी बक्षीस समारंभात एका ज्येष्ठ सभासदांनी, आमच्या काकांनी, भाषण केलं. मुलींचं कौतुक करून ते म्हणाले की, बुद्धिबळ हा मुळात पुरुषांचा खेळ आहे, इतिहास त्याला साक्षी आहे. मुलींचं पाठांतर चांगलं असतं, पण समोरासमोरची झुंज आणि तासन्‌तास चिवटपणे बसणं हा त्यांचा पिंड नाही. म्हणून वेगळा गट हा अन्याय नाही, ती माया आहे. खुल्या गटात हरून मुलगी खचण्यापेक्षा आपल्यातुपल्यात जिंकून ती हसत घरी गेलेली बरी. सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मुलींच्या आयाही होत्या, म्हणून मला हे लिहावंसं वाटलं. हे गृहस्थ मनाने चांगले आहेत, मुलांसाठी पदरमोड करणारे आहेत. त्यांच्या हेतूबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्यांचं म्हणणं चुकीचं आहे, आणि मायेने सांगितलं म्हणून ते कमी चुकीचं ठरत नाही. त्यांचे मुद्दे मी त्यांच्याच क्रमाने घेते.

पहिला मुद्दा इतिहासाचा. इतिहास साक्षी आहे म्हणता, तर त्या साक्षीदाराला पूर्ण बोलू द्या. आपण राहतो त्या बेंगळुरूपासूनच सुरुवात करू. महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली याच शहरात झाली. ती जिंकली मुंबईच्या वासंती खाडिलकर या मराठी मुलीने. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांची ही कन्या. तिच्यामागून जयश्री आणि रोहिणी या दोन बहिणी आल्या, आणि राष्ट्रीय महिला विजेतेपद पहिलं दशकभर या एका घराबाहेर गेलं नाही. जयश्री भारताची पहिली महिला इंटरनॅशनल मास्टर झाली. रोहिणीने १९८१ आणि १९८३ साली आशियाई महिला अजिंक्यपद मिळवलं. त्याआधी १९८० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला होता.

पण आपल्या वादाशी थेट संबंध आहे तो १९७६ सालाचा. त्या वर्षी तेरा वर्षांची रोहिणी राष्ट्रीय ‘पुरुष’ स्पर्धेत खेळायला उतरली. तोवर एकही भारतीय स्त्री त्या स्पर्धेत खेळलेली नव्हती. गदारोळ झाला. एका शाळकरी मुलीने पटाच्या पलीकडे बसावं की नाही, हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनाही निर्णय द्यावा लागला. राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना स्त्री म्हणून वगळता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. रोहिणी खेळली, आणि त्या स्पर्धेत तिने राज्य विजेत्यांना हरवलं.

आता सांगा, इतिहास कशाची साक्ष देतो? स्त्रिया खेळू शकत नव्हत्या याची, की त्यांना खेळू दिलं जात नव्हतं याची? दाराला कुलूप लावायचं आणि आत कोणी बाई दिसत नाही म्हणून बायकांना आत यायचंच नव्हतं असा निष्कर्ष काढायचा, हा न्याय झाला नाही. आणि येलहंक्यात त्या टेबलावर आपण जे केलं ते १९७६ साली देशपातळीवर करायचा प्रयत्न झाला होता. तो तेव्हाच चुकीचा ठरलेला आहे. तोच निवाडा आपण आपल्या सभागृहात उलटा फिरवला.

हा निर्णय देणारे यूवे कोण होते? १९३५ ते १९३७ या काळातले जगज्जेते. अलेखिनला हरवून त्यांनी ते पद मिळवलं होतं. बाई पटावर काय करू शकते हे त्यांना कोणी भाषणातून सांगायची गरज नव्हती. १९२९ साली कार्ल्सबादच्या मोठ्या स्पर्धेत व्हेरा मेन्चिक या महिला खेळाडूला प्रवेश मिळाला तेव्हा अल्बर्ट बेकर नावाच्या मास्टरने थट्टा केली, की जो तिच्याशी हरेल त्याला आपण ‘व्हेरा मेन्चिक क्लब’चा सभासद करू. त्या क्लबचा पहिला सभासद बेकर स्वतःच झाला. पुढे हेस्टिंग्जच्या स्पर्धांत यूवेही तिच्याकडून हरले, तेही दोनदा. आपला मीर सुलतान खान, ज्याने ब्रिटिश अजिंक्यपद तीनदा जिंकलं, तोसुद्धा तिच्याकडून हरला. तिच्याशी हरलेला माणूस चाळीसेक वर्षांनी अध्यक्षाच्या खुर्चीत बसला आणि मुंबईच्या एका मुलीच्या बाजूने उभा राहिला. यूवे यांच्याबद्दल मला जो आदर वाटतो तो जगज्जेतेपदापेक्षा या गोष्टीसाठी अधिक वाटतो. पटावर जे अनुभवलं ते त्यांनी नियमात उतरवलं.

त्याच काळातली आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. सुलतान खान ज्या सर उमर हयात खान यांच्या पदरी होता, त्यांच्याच घरात फातिमा नावाची एक तरुणी नोकरीला होती. १९३३ साली तिने ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकलं.  संधीची फट दिसली, तिथून ती आत शिरली. अशा किती जणींना ती फटही दिसली नसेल?

दुसरा मुद्दा पिंडाचा. स्त्रीचा मेंदूच या खेळासाठी घडलेला नाही, असं म्हणणारे आमचे काका एकटे नाहीत. बॉबी फिशरने १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीत म्हटलं होतं की, जगातल्या कुठल्याही बाईला आपण एक घोडा कमी घेऊन हरवू. नायजेल शॉर्टने २०१५ साली स्त्री-पुरुषांच्या मेंदूची जडणघडणच वेगळी असल्याचं लिहिलं. गॅरी कास्पारोव्हही वर्षानुवर्षं असंच बोलत आला. मोठ्या माणसांनी म्हटलं म्हणून ऐकायचं, तर मग त्याच मोठ्या माणसांचं पटावर काय झालं तेही पाहिलं पाहिजे. शॉर्ट आणि ज्युडिट पोल्गार यांच्यातल्या क्लासिकल डावांत ज्युडिटने आठ जिंकले, शॉर्टने तीन. फिशरचा सर्वांत लहान वयाच्या ग्रँडमास्टरचा विक्रम मोडला तो याच ज्युडिटने, १९९१ साली, पंधरा वर्षं चार महिन्यांची असताना. महिलांमधला तिचा तो विक्रम २००२ साली आपल्या आंध्रच्या कोनेरू हम्पीने मोडला.

आणि कास्पारोव्ह? ९ सप्टेंबर २००२ रोजी मॉस्कोत ‘रशिया विरुद्ध उर्वरित जग’ हा जलद सामना झाला. ज्युडिटकडे पांढरी मोहरी. कास्पारोव्हने बर्लिन बचाव निवडला. हा तोच चिवट बचाव, ज्याच्या भिंतीवर डोकं आपटून त्याने दोन वर्षांपूर्वी क्रामनिकविरुद्ध जगज्जेतेपद गमावलं होतं. आठव्या खेळीला वजिरावजिरी झाली. काळ्याचा राजा मधोमध राहिला, किल्लेकोटाचा हक्क गेला. आता पटावर ना राजावर धावून जाणारा हल्ला, ना डोळे दिपवणारं बलिदान. उरली ती कोरडी, चिकाटीची झुंज, घरामागून घर कमावण्याची. काकांच्या मते मुलींचा जो पिंड नाही, नेमकी तीच. ज्युडिटने आपला राजा पुढे चालवला, घोडा उंटाच्या बदल्यात दिला, दोन्ही हत्ती उघड्या पट्टीवर आणले. शेवटी ते दोन हत्ती सातव्या ओळीत शिरले आणि बेचाळीस खेळ्यांत त्या काळच्या जगातल्या अव्वल क्रमांकाच्या खेळाडूने डाव सोडला. हा डाव मी माझ्या प्रत्येक नव्या तुकडीला दाखवते. मुलांनाही आणि मुलींनाही. ज्युडिट आणि तिच्या बहिणींनी अशी कुठलीही उपजत मर्यादा नसल्याचं दाखवून दिलं, हे पुढे कास्पारोव्हने स्वतः लिहून मान्य केलं. तो बदलला, मग आपण का बदलू नये?

इथे मला समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा टाळायचा नाही. एक ज्युडिट सोडली तर जगातल्या पहिल्या दहांत आजवर दुसरी स्त्री आलेली नाही. पहिल्या शंभरात आजही बाई शोधावी लागते. हे खरं आहे आणि ते झाकून वाद जिंकण्यात अर्थ नाही. पण त्याचं कारण शोधताना मेंदूपर्यंत जाण्याआधी साधी मोजणी करू. समजा, सोळा मुलगे आणि एक मुलगी आहे. सगळ्यांनी एकाच डब्यातून एकेक चिठ्ठी उचलायची, प्रत्येकीवर वेगळा आकडा. सर्वांत मोठा आकडा मुलीच्या हाती यायची शक्यता किती? सतरात एक. मुलीचा हात कमी पडला म्हणून नव्हे, हातच एक आहे म्हणून. जर्मनीच्या बुद्धिबळ संघटनेच्या सव्वा लाखाच्या आसपास खेळाडूंचं रेटिंग तपासणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. तिथे प्रमाण असंच होतं, सोळा पुरुषांमागे एक स्त्री. पहिल्या शंभर पुरुषांत आणि पहिल्या शंभर स्त्रियांत जो फरक दिसतो, त्यातला ९६ टक्के फरक केवळ या संख्येतून येतो, असा त्या संशोधकांचा हिशेब होता. त्या हिशेबावर पुढे आक्षेप आले आणि संख्येचा वाटा त्याहून कमी आहे असंही मांडलं गेलं. पण तो मोठा आहे हे नाकारता येत नाही. खुल्या गटाच्या टेबलावरून एका मुलीला मागे वळवणारा हात ही संख्या आणखी कमी करतो. मग पुढच्या वर्षी तोच हात त्या कमी संख्येकडे बोट दाखवतो.

‘पिंड’ हा शब्द स्वतः काय करतो, हेही तपासलं गेलं आहे. इटलीत झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सारख्या ताकदीच्या स्त्री-पुरुषांच्या ४२ जोड्यांना संगणकावरून एकमेकांशी खेळवलं. समोर कोण आहे हे दिसत नव्हतं. समोर बाई आहे असं सांगितलं तेव्हा स्त्रिया पुरुषांच्या तोडीस तोड खेळल्या. समोर पुरुष आहे हे कळलं आणि बुद्धिबळात पुरुष सरस असतात याची आठवण करून दिली, की त्याच स्त्रियांचा खेळ निम्म्याने घसरला. प्रतिस्पर्धी तोच, पट तोच, डोकं तेच. फक्त कानावर पडलेलं एक वाक्य वेगळं. काकांचं भाषण आमच्या मुलींनी पहिल्या रांगेत बसून ऐकलं होतं.

आता तिसरा मुद्दा, मायेचा. माझा सर्वांत मोठा विरोध इथेच आहे, कारण सगळं नुकसान इथेच होतं आणि ते दिसत नाही. त्या दिवशी मुलींच्या गटात चौघीच होत्या. माझी विद्यार्थिनी तिन्ही डाव जिंकली. शेवटच्या डावाला तिला बारा मिनिटंही लागली नाहीत. करंडक मिळाला, फोटो झाला. मग जेवणं चालू असताना सभागृहाबाहेरच्या पायरीवर पट मांडून ती खुला गट जिंकलेल्या मुलाशी खेळायला बसली. घड्याळ नाही, पंच नाही. मी ताट हातात घेऊन मागे उभी होते.

डाव हत्तींच्या अंत्यपर्वात गेला. तिचं प्यादं सातव्या घरात पोचलेलं, त्याच्यापुढे वजीर व्हायच्या घरात तिचाच राजा. मुलाचा राजा दूर अडकलेला. हा डाव पांढऱ्याने जिंकायचा असतो, आणि जिंकायची एक ठरलेली रीत असते. हत्ती आधी चौथ्या ओळीत आणून ठेवायचा. मग राजा बाहेर काढायचा, शहामागून शह झेलत एकेक घर खाली उतरायचं, आणि राजा पाचव्या ओळीत आला की हत्ती मध्ये घालून शह तोडायचा. याला पूल बांधणं म्हणतात. तिने हत्ती न हलवताच राजा बाहेर काढला. शह आला. बाजूला सरकली. पुन्हा शह. खाली उतरली तर प्यादं जातं, म्हणून परत वर गेली. पुन्हा तेच. पाचव्यांदा तोच शह आल्यावर तिने पटावरून नजर वर केली आणि म्हणाली, ‘‘बरोबरी?’’ मुलाने मान हलवली. मग त्यानेच तिला हत्ती कुठे ठेवायचा ते दाखवलं. ‘‘मलापण माहीत नव्हतं,’’ तो म्हणाला. ‘‘मागच्या महिन्यात एकाने मला असाच हरवला.’’

त्या मुलाच्या या एका वाक्यात माझा सगळा प्रतिवाद आहे. त्याला पूल बांधता येतो, कारण तो कोणाकडून तरी त्या पुलावरून हरला. महिन्याला एका खुल्या स्पर्धेत तो आपल्याहून ताकदवान माणसांसमोर बसतो, मार खातो, स्कोअरशीट घरी आणतो. माझी विद्यार्थिनी बारा मिनिटांत जिंकते आणि करंडक घेऊन जाते. दोन वर्षांनी या दोघांत जे अंतर पडेल त्याला काका ‘पिंड’ म्हणतील. ते अंतर आपण टेबलावर, दोन कागद मांडून, स्वतःच्या हाताने पाडलेलं असेल. या पायऱ्यांवरच्या डावाला काही दिवसांनी तिच्या वहीत मीच जागा करून दिली. पण तो डाव तिला स्पर्धेत, घड्याळासमोर, सकाळीच मिळायला हवा होता. हरून मुलगी खचते हे खरं नाही. हरल्यावर ‘तुझ्याकडून अपेक्षाच नव्हती’ असं ऐकलं की खचते.

‘‘मग महिला गट बंदच करायचे का?’’ असं मला समारंभानंतर विचारलं गेलं. नाही. आणि यात विसंगती नाही. ज्या घरातून मुलगी पहिल्यांदाच बाहेर पडते, जिथे रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या फेऱ्या, परगावची लॉज, बरोबर जायला आई की बाबा या प्रश्नांवरच नाव मागे घेतलं जातं, तिथे महिला स्पर्धा ही पहिली पायरी असते. नागपूरच्या दिव्या देशमुखचं उदाहरण घ्या. २०२५ च्या जुलैमध्ये बातुमीला झालेला महिला विश्वचषक तिने पंधराव्या मानांकनावरून जिंकला. अंतिम फेरीत हम्पीशी दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले आणि टायब्रेकमध्ये एकोणीस वर्षांच्या दिव्याने बाजी मारली. त्या विजयाने ती थेट ग्रँडमास्टर झाली. भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर, आणि असा मान मिळवणारी चौथी भारतीय स्त्री. पण दिव्या फक्त महिला स्पर्धांवर वाढलेली नाही. २०२४ च्या सुरुवातीला ती नेदरलँड्समध्ये टाटा स्टीलच्या चॅलेंजर गटात पुरुषांबरोबर खेळत होती. तिथून परतल्यावर अठराव्या वर्षी तिने जाहीरपणे लिहिलं की, प्रेक्षक आपल्या खेळाऐवजी कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांवर बोलत राहतात. ते सोसूनही ती खुल्या गटात बसत राहिली. महिला गट तिच्यासाठी जिना होता. आपण आपल्या मुलींसाठी त्याची खोली केली आणि दार ओढून घेतलं.

जिन्यालाही किंमत असते, हे मला मान्य आहे. महिला ग्रँडमास्टरचा किताब २३०० रेटिंगला मिळतो आणि ग्रँडमास्टरचा २५०० ला. वरच्या पायरीकडे बघायची सवय सुटली, तर खालची पायरीच घर वाटू लागते. म्हणून महिला गट असावा, पण तो मुलीची निवड असावा, तिची हद्द नसावा. आणि हे आपोआप टिकत नाही. यूवे यांच्या निर्णयाला दहा वर्षं झाल्यावर, १९८६ साली, ज्युडिटची थोरली बहीण सुसान पुढच्या विभागीय स्पर्धेसाठी पात्र ठरली, तरी ती पुरुषांची आहे म्हणून तिला खेळू दिलं नाही. ते दारही नंतर उघडावं लागलं. नियम पुस्तकात लिहिला जातो, पण तो पाळला जातो किंवा मोडला जातो तो आपल्यासारख्यांच्या टेबलावर.

म्हणून माझं मागणं लांबचं नाही. पुढच्या गणपतीत आपल्या येलहंक्याच्या स्पर्धेत खुल्या गटाच्या कागदावर कोणाचंही नाव लिहिलं जावं आणि जागा कमी पडल्या तर त्या वाढवाव्यात. मुलगी दोन्ही गटांत खेळू इच्छित असेल तर वेळा तशा लावाव्यात. बक्षिसाची रक्कम दोन्हीकडे सारखी असावी. आणि बक्षीस देताना मुलींच्या पिंडाबद्दल कोणी काही बोलू नये. मी काकांनाही विनंती केली आहे की, एका रविवारी संध्याकाळी त्यांनी आमच्या क्लबहाऊसमध्ये यावं आणि पटासमोर बसावं. ते चांगले खेळतात. त्यांच्यासमोर कोण बसेल हे मी आधी सांगणार नाही. पण ती आता राजाच्या आधी हत्ती हलवते.